खिसा, पर्स आणि 'निर्भीक'

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने एक नवे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे पाचशे ग्रॅम, सांगाडा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, बोअर .३२, गोळ्या सहा, किंमत १,२२,३६० रुपये. दागिन्यांच्या पेटीसारख्या दिसणाऱ्या तपकिरी-लाल डबीतून ते ग्राहकाच्या हाती येई. सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून केलेले हे भारतातले पहिले रिव्हॉल्व्हर, अशी त्याची प्रसिद्धी झाली. नाव 'निर्भीक'.

ती बातमी आम्ही तेव्हा द्वितीय वर्षाच्या तासाला वाचून दाखविली होती. विषय खरे तर नामकरणाचा होता. शब्द कसे घडतात आणि कोणाच्या सोयीसाठी घडतात, हे मुलांना दाखवायचे होते. किमतीवर थोडी हसाहशी झाली. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, हे खिशात मावतं म्हणतात; पण आमच्या कपड्यांना खिसा असतो कुठे?" वर्ग पुन्हा हसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तो प्रश्न मात्र राहून गेला. खिशात मावणाऱ्या हलक्या रिव्हॉल्व्हरचा इतिहास नंतर जसजसा वाचत गेलो, तसतसे जाणवले की त्या दिवशी वर्गात झालेले सर्वांत नेमके विधान तेच होते.

आधी नावाविषयी. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ रोजी घडलेल्या अत्याचारानंतर पीडितेचे खरे नाव छापण्यास कायद्याची आडकाठी होती. भारतीय दंड संहितेत १९८३ साली आलेले २२८-अ हे कलम त्यासाठीच होते. वृत्तपत्रांनी तिला पर्यायी नावे दिली आणि त्यांतले 'निर्भया' हे रूढ झाले. २९ डिसेंबरला ती गेली. म्हणजे एका स्त्रीचे नाव झाकण्यासाठी एक विशेषण पुढे आले, आणि वर्षभराने त्या विशेषणाचे भावंड एका शस्त्राला मिळाले. 'निर्भया' स्त्रीलिंगी, 'निर्भीक'वर लिंगाची खूण नाही. भाषेच्या अभ्यासकाला इथे थांबावेसे वाटते. भीती जिच्या वाट्याला आली तिचे नाव वस्तूकडे गेले, आणि जाताना त्यातली स्त्री गळून पडली. (मराठी कानाला 'निर्भीक' मध्ये 'भीक' ऐकू येते, ही आणखी एक गंमत. आपल्याकडे 'निर्भय' आणि 'निर्भीड' चालतात. 'निर्भीक' हा हिंदीच्या अंगणातला शब्द.)

आता खिशाविषयी. सॅम्युएल कोल्ट याला अमेरिकेत १८३६ साली फिरत्या सिलिंडरच्या शस्त्राचे पेटंट मिळाले. त्याच्या कंपनीचे १८४९ चे लहान रिव्हॉल्व्हर 'पॉकेट मॉडेल' म्हणूनच ओळखले गेले आणि प्रचंड खपले. ते भरायचे मात्र सुटी दारू, सुटी गोळी आणि टोपी घालून. खिशातल्या ओलाव्याने दारू सर्दावण्याचा धोका कायम. १८५७ पासून स्मिथ अँड वेसन कंपनीने धातूच्या बंद काडतुसाचे रिव्हॉल्व्हर विकावयास सुरुवात केली, तेव्हा खिशातले शस्त्र खऱ्या अर्थाने भरवशाचे झाले. पुढे १८७२ मध्ये बर्मिंगहॅमच्या फिलिप वेब्ली यांच्या कारखान्याने 'ब्रिटिश बुलडॉग' काढले: अडीच इंचांची नळी, पाच गोळ्या आणि आखूड, जाडजूड अंग. बेल्जियममध्ये आणि अमेरिकेत त्याच्या असंख्य नकला झाल्या. ज्या कोटाच्या खिशासाठी ते बेतले होते, तो कोट पुरुषाचा होता. रेल्वेने अनोळखी शहरात उतरणारा, रात्री गॅसच्या दिव्यांखालून घरी परतणारा मध्यमवर्गीय गृहस्थ हे त्याचे गिऱ्हाईक. त्याच काळातल्या स्त्रियांच्या वेषात शिवलेला, चटकन हात जाईल असा खिसा दुर्मीळ होत चालला होता. वेषभूषेचा इतिहास लिहिणारे ही गोष्ट शिवणकामाच्या प्रकरणात सांगतात. ती शस्त्रांच्या प्रकरणातही सांगावयास हवी.

या बुलडॉगच्या खरेदीची एक हकिकत अमेरिकेच्या इतिहासात वारंवार येते. चार्ल्स गिटो नावाच्या इसमाने १८८१ च्या जून महिन्यात उसन्या पैशांवर वॉशिंग्टनमध्ये बुलडॉग जातीचे एक रिव्हॉल्व्हर विकत घेतले. दुकानात दोन होती, एक लाकडी मुठीचे आणि एक हस्तिदंती मुठीचे. पुढेमागे वस्तुसंग्रहालयात मांडले जाईल तेव्हा हस्तिदंती अधिक शोभेल, असा विचार त्याने केला, असे सांगतात. २ जुलै रोजी रेल्वे स्थानकावर त्याने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबरला गारफील्ड मरण पावले. ते शस्त्र स्मिथसोनियन संस्थेकडे आलेही होते, पण नंतर ते तेथून हरवले. या कथेत आमचे लक्ष खुनापेक्षा त्या मुठीकडे अधिक जाते. शस्त्र विकत घेणारा मनुष्य धातूबरोबर स्वतःची एक प्रतिमाही विकत घेत असतो. कानपूरच्या डबीचा तपकिरी-लाल रंग निवडणाऱ्यांना हे ठाऊक असणारच.

स्त्रीसाठी रिव्हॉल्व्हर ही कल्पनाही कानपूरची नव्हे. स्मिथ अँड वेसनने १९०२ मध्ये 'लेडीस्मिथ' नावाचे .२२ बोअरचे, सात गोळ्यांचे, तीनशे ग्रॅमहूनही हलके रिव्हॉल्व्हर आणले. ते १९२१ पर्यंत चालले. वेश्या ते वापरतात असे कानावर आल्याने सोवळ्या मालकाने ते बंद पाडले, अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच ती बोलकी आहे, कारण सभ्य स्त्रीला शस्त्र विकावयाचे आणि ते हाती घेणारी स्त्री सभ्य राहते की नाही याची चिंताही वाहावयाची, हा पेच तिच्यात नेमका पकडला आहे. १९८९ मध्ये कंपनीने तेच नाव पुन्हा बाहेर काढले.

हलकेपणाची किंमत मात्र कुठल्याच जाहिरातीत नीट सांगितलेली आढळत नाही. गोळी पुढे जाते तेव्हा शस्त्र मागे रेटते. गोळी तीच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर ते दुप्पट वेगाने तळहातावर येते. म्हणजे वजन कमी करणारा कारखानदार ओझे नाहीसे करीत नाही, ते मनगटाकडे सरकवितो. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियम स्वस्त झाले. १९५० मध्ये कोल्टचे 'कोब्रा' आले, १९५२ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनची 'एअरवेट' जात आली. अमेरिकी हवाई दलासाठी तर सिलिंडरसुद्धा ॲल्युमिनियमचे केले गेले, पण ते गोळीचा दाब पेलण्यास कमी पडू लागल्याने ती शस्त्रे माघारी घ्यावी लागली. शतक संपताना टायटॅनियम आले. दर वेळी ग्रॅम उतरले आणि दर वेळी जुन्याजाणत्यांनी तेच सांगितले की हलके रिव्हॉल्व्हर बाळगावयास सोपे आणि चालविण्यास अवघड असते. आखूड नळीमुळे नेम धरणे कठीण, लहान मुठीमुळे पकड अपुरी, आणि धक्क्यामुळे दुसरी गोळी पहिलीच्या जागी जात नाही. नियमित सरावाखेरीज हे जमत नाही. सरावासाठी काडतुसे लागतात, आणि भारतात काडतुसेही परवान्यात लिहिलेल्या संख्येनेच मिळतात.

परवाना हा शब्द आला म्हणजे आपण आपल्या इतिहासात आलो. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली आणि युरोपियनांना सवलत ठेवली. बुलडॉग आणि त्याची भावंडे इथे आली ती साहेबाच्या खिशातून. या अपमानाविरुद्ध काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत ठराव झाले. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी झाडलेले शस्त्र ब्राउनिंग पिस्तूल होते. (मराठी लेखनात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर सर्रास एकमेकांच्या जागी येतात. पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या पेटीत असतात, रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या सिलिंडरच्या घरांत. चरित्रे वाचताना विद्यार्थ्यांनी एवढा भेद ध्यानी ठेवावा.) लंडनहून सावरकरांनी चोरून पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक, असे खटल्यात धरले गेले. परवाना नाकारलेल्या समाजात खिशातल्या शस्त्राला जो अर्थ येतो, तो बर्मिंगहॅमच्या गृहस्थाला कधीच कळला नसता.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. वांशिक भेद गेला, परवाना राहिला. .३८ बोअरची रिव्हॉल्व्हरे सामान्य नागरिकाला निषिद्ध, .३२ ची चालतील. कानपूरला .३२ का निवडावे लागले, याचे उत्तर कारागिरीत नसून या यादीत आहे. त्याच कारखान्याचे आधीचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या जुन्या .३८ आराखड्यावरून उतरविलेले होते. म्हणजे बुलडॉगच्या घराण्याचे रक्त 'निर्भीक'पर्यंत पोहोचलेच. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे मागविणे जवळजवळ अशक्य झाले, त्यामुळे आजोबांची जुनी वेब्ली नव्या मालापेक्षा महाग विकली जाऊ लागली.

विकत घेणे म्हणजे काय, तेही पाहावे. जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडे अर्ज, पोलिसांची चौकशी, जिवाला धोका असल्याचे पटवून देणे, २०१६ च्या नियमांपासून सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली. निवडणूक आली की बहुतेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. हे सारे योग्यच आहे, असे आमचे मत आहे. मुद्दा एवढाच की भीती वाटते हे ज्या स्त्रीला शेजारच्या चौकीत नीटपणे नोंदविता येत नाही, तिने तीच भीती कागदोपत्री सिद्ध करावी, मग सव्वा लाख मोजावे, आणि मग तिला 'निर्भीक' मिळावे, अशी ती वाट होती.

आणि निगा? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आमच्या पिढीने पांघरुणात लपून वाचल्या. काळापहाड आणि झुंजार यांच्या त्या जगात खिशातून रिव्हॉल्व्हर निघण्याचे प्रसंग पुष्कळ. ते कोणी पुसले, त्याला तेल दिले, असे एकही पान आम्हाला आठवत नाही. खिशातल्या शस्त्राचे आयुष्य प्रत्यक्षात फार गद्य असते. खिशातली धूळ आणि कापडाचे तंतू घोड्याच्या फटीत जाऊन बसतात. घाम पोलादाला खातो, आणि कोकणच्या पावसाळ्यात तर न वापरलेल्या शस्त्रालाही तांबेरा धरतो. चामड्याच्या म्यानात ते महिनोन्‌महिने ठेवणे वाईट, कारण चामडे ओल धरून ठेवते. आधी सिलिंडर रिकामे केल्याची दोनदा खात्री करावयाची, मग नळीतून आणि सिलिंडरच्या प्रत्येक घरातून ब्रश फिरवावयाचा, दारूची काजळी व शिशाचा थर काढावयाचा, तेलाचा अगदी हलका हात द्यावयाचा. तेल जास्त झाले तर तेच धूळ ओढते. गोळ्याही वर्षानुवर्षे त्याच ठेवून चालत नाही. आणि हे झाल्यावर ते कुलपात ठेवावयाचे. घरात मूल असेल तर याला पर्याय नाही. पण कुलपातले शस्त्र वेळेला हाती येत नाही आणि उशाखालचे शस्त्र कोणाच्याही हाती येते. हे कोडे टायटॅनियमने सुटत नाही.

'कोणाच्याही' या शब्दापाशी आम्ही अडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०१३ च्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदींत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता: शेजारी, नातलग, सहकारी, कधी घरातलाच. ज्या अनोळखी अंधारासाठी बुलडॉग घडविले गेले, तो अंधार 'निर्भीक'च्या जाहिरातीतही गृहीत होता. मणिपूरमध्ये बंदुकीमुळे घर उद्ध्वस्त झालेल्या स्त्रियांसाठी २००४ पासून काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्रम यांनी या रिव्हॉल्व्हरला तेव्हाच जाहीर विरोध केला होता. बंदूक घरात आल्यावर बायकांचे काय होते, हे त्यांनी इंफाळच्या परिसरात पाहिले होते. आम्ही ते केवळ वाचत होतो.

पुढे इच्छापूरच्या रायफल कारखान्याने .२२ बोअरचे 'निडर' आणले. ते सुमारे अडीचशे ग्रॅमचे आणि किमतीने पुष्कळच स्वस्त होते. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाले, आणि २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबल' आले. ते सातशे ग्रॅमचे आहे, म्हणजे पुन्हा जड. त्याच्या प्रसिद्धीत भर लांब पल्ल्यावर होता. निर्भीक, निडर, प्रबल: तिन्ही विशेषणे, आणि तिन्हींना विशेष्य नाही.

त्या वर्गातली ती मुलगी आता एका शाळेत मराठी शिकविते. मागे एका चर्चासत्रात भेटली, तेव्हा आम्ही तिला तिच्या खिशाच्या प्रश्नाची आठवण करून दिली. तिला तो आठवत नव्हता. तिने कुर्त्याच्या शिवणीत हात घालून मोबाइल बाहेर काढला आणि म्हणाली, "आता शिंप्याला सांगून लावून घेते, मॅडम. दर वेळी सांगावं लागतं."