सोलो ऐकू का येत नाही? बँजो, गिटार आणि आवाजाची चढाओढ

आजचा विषय जरा गोंगाटाचा आहे, त्यामुळे इअरफोनचा आवाज थोडा कमी करा आणि मग ऐका.

जालना, अंबड, परतूर, कुठलीही वरात डोळ्यांसमोर आणा. टेम्पोवर स्पीकरची भिंत, पुढे ढोल-ताशा, वर ऑक्टोपॅड, कीबोर्ड, आणि मधे बसलेला बँजोवाला. गाण्याची चाल सगळी त्याच्या हातात. पण चाल सोडून तो स्वतःचं काहीतरी वाजवायला लागला, की नेमका तिथेच ऐकू येत नाही. बोटं पळताना दिसतात, सूर गायब. हे दुखणं गिटारवाल्यांचंही आहे. त्यांनी त्यावर औषध काढलं, त्याचं नाव 'सोलो बूस्ट'. ते वरातीत का लागू पडत नाही, हे कळायला शंभरेक वर्षं मागे जावं लागेल.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपला बँजो म्हणजे अमेरिकेतला कातडी मढवलेला बँजो नव्हे. आपला तो बुलबुल तरंग. १९१२ साली जपानमध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. तेच वाद्य पुढे भारतात आलं, बुलबुल तरंग झालं, आणि महाराष्ट्रात कुणीतरी त्याला बँजो म्हटलं ते चिकटलं. मूळ वाद्य घरात बसून वाजवायचं, आवाज अगदी नाजूक. त्याला पिकअप लावला, वायर अँपला जोडली, आणि ते मिरवणुकीत उतरलं. म्हणजे बघा, इलेक्ट्रिक गिटारची जी गोष्ट तीच याची.

गिटारची अवस्था तर आणखी वाईट होती. १९२० च्या दशकातल्या जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट आणि ड्रमपुढे गिटार ऐकूच यायची नाही, म्हणून बँडवाले अमेरिकन बँजो ठेवायचे. तो जास्त खणखणीत. मग १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने पिकअपवाली ईएस-१५० गिटार बाजारात आणली, आणि १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये शिरला. आतापर्यंत मागे बसून ताल धरणारी गिटार पहिल्यांदा सॅक्सोफोनच्या बरोबरीने सोलो वाजवू लागली. माझ्या मते गिटारच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच. रॉक वगैरे सगळं नंतरचं.

नंतर मात्र सगळेच आवाज वाढवत सुटले. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून जास्त लोकांसमोर बीटल्स वाजवायला उभे राहिले. खास बनवून घेतलेले १०० वॅटचे व्हॉक्स अँप होते, तरी पोरापोरींच्या किंचाळण्यात बीटल्सना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं. तिकडे लंडनमध्ये जिम मार्शल नावाचा ड्रमचा दुकानदार अँप बनवायला लागला होता. 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडला त्याच्याकडून आणखी जोरदार अँप हवे होते. याच बँडच्या १९७६ मधल्या लंडनच्या कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल मोजले गेले आणि गिनीज बुकात नोंद झाली. पुढे टाउनशेंडच्या कानांची वाट लागली, हे तो स्वतःच सांगत आलाय. गिनीजनेही तो विक्रम नोंदवणं नंतर बंद केलं.

आता थोडं गणित, पळून जाऊ नका. ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा अँप आणला तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला साधारण दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे पैसे दहापट, टेम्पो मोठा, जनरेटर मोठा.

म्हणून हुशार गिटारवाल्यांनी वेगळी वाट धरली. साठच्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये 'रेंजमास्टर' नावाची एक छोटी डबी आली. ती वरच्या पट्टीतला आवाज तेवढा उचलायची, आणि गिटार बँडच्या गर्दीतून बाहेर यायची. रॉरी गॅलाघरने ती व्हॉक्स अँपला जोडून गाजवली. पण यात एक ग्यानबाची मेख आहे. अँप आधीच फुल केला असेल, त्याचा आवाज फाटायला लागला असेल, तर पुढे बूस्ट लावून आवाज मोठा होत नाही, आणखी फाटतो. भरलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखं. त्यामुळे बूस्ट हवा असेल तर आधी घागरीत जागा ठेवावी लागते. ताल धरताना गिटारचा व्हॉल्यूम सातवर, सोलोला दहावर. किंवा बूस्ट पेडल अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये, फाटण्याची पायरी झाल्यानंतर. तीन ते सहा डेसिबल पुरतात. आणि मिड कमी करू नका! घरात एकट्याने वाजवताना मिड काढलेला आवाज भारी वाटतो, स्टेजवर तोच आधी गायब होतो.

ही जागा ठेवायची अक्कल आपल्याकडे नव्हती असं नाही. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. तेव्हा नाटकाला माइक नव्हता. त्या मंडळीत तबल्याला पुढे अहमदजान थिरकवा होते. एवढा मोठा सोलो वाजवणारा माणूस, पण पदाला साथ करताना गाणाऱ्याचा आवाज झाकायचा नाही, हे पहिलं काम. आणि तबल्याचा सोलो असला की सारंगी किंवा हार्मोनियम फक्त लेहरा धरते. तीच ओळ, पुन्हा पुन्हा. तबल्याचा आवाज कुणी वाढवत नाही, बाकीचे कमी होतात. सोलो बूस्टच आहे की हा, फक्त पेडल दुसऱ्यांच्या पायाखाली.

वरातीतल्या टेम्पोवर हेच होत नाही. सगळे फेडर पहिल्या गाण्यापासून वर. बँजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सगळे एकाच स्पीकरमधून, आणि स्पीकर आधीच फाटलेला. बँजोवाल्याने कुठला बूस्ट लावायचा? वर नवरदेवाचे मित्र येऊन 'आवाज वाढव' म्हणतात.

कायद्याचं काय? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागाला दिवसा ७५. म्हणजे जालन्याच्या एमआयडीसीत जिथे लोखंडी सळया बनतात तिथे ७५, आणि वरात जाते त्या गल्लीत ५५. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. बँजोवाले म्हणतात डीजेने आमचं काम खाल्लं, आणि ते खोटं नाही. पण आवाजाच्या शर्यतीत बँजो डीजेला कधीच हरवू शकणार नाही. त्याच्याकडे जे आहे ते डीजेकडे नाही, जिवंत माणसाची बोटं. ती ऐकू यायला बत्तीस मात्रांपुरता ऑक्टोपॅड अर्ध्यावर आणला, कीबोर्डवाल्याने हात उचलला आणि ढोलवाल्याने नुसता ठेका धरला, तरी पुरे. त्याला एक रुपयाही लागत नाही. मिक्सरजवळ बसलेल्या पोराला आधी सांगून ठेवावं लागतं, एवढंच.