कार्ड बाबांचं, खरेदी तुमची! वस्तू परत केली तर पैसे कुणाला मिळतात?

समजा, पनवेलजवळच्या कोनमध्ये राहणाऱ्या एका मुलीने पनवेलच्या दुकानातून २,८०० रुपयांचे बूट घेतले. पैसे भरले वडिलांच्या डेबिट कार्डाने. दोन दिवसांत एका बुटाचा सोल निघाला. ती बूट घेऊन दुकानात गेली, तर काउंटरवरून उत्तर आलं, "कार्ड ज्यांचं आहे त्यांनाच घेऊन या." वडील नोकरीसाठी रत्नागिरीला. आता काय?

घरातलं एकच कार्ड सगळ्यांनी वापरायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. घोळ होतो तो वस्तू परत करायची वेळ आल्यावर. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. वस्तू परत कोण करू शकतं? आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार?

वस्तू परत करण्याचा हक्क कुणाचा?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फक्त पैसे मोजणारा माणूसच ग्राहक नसतो. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहकच ठरतो. म्हणजे वडिलांच्या कार्डावर घेतलेले बूट मुलगी घालत असेल, तर सदोष मालाची तक्रार तीही करू शकते.

दुकानदाराने सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत मिळायला हवेत. बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं, म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.

मात्र रंग आवडला नाही, माप चुकलं, विचार बदलला, अशा कारणांसाठी दुकानात जाऊन घेतलेली वस्तू परत करण्याचा हक्क कायदा देत नाही. तिथे दुकानाचं स्वतःचं धोरण चालतं. कुणी बदलून देतं, कुणी क्रेडिट नोट देतं. त्यामुळे पैसे भरण्याआधीच विचारून घेतलेलं बरं.

पैसे रोख का देत नाहीत?

कार्डाने भरलेले पैसे साधारणपणे त्याच कार्डाच्या खात्यात परत जातात. त्यामागे कारण आहे. चोरीच्या कार्डाने वस्तू घ्यायची आणि ती परत करून रोख पैसे न्यायचे, हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. म्हणून कोनच्या मुलीचे २,८०० रुपये वडिलांच्याच खात्यात जमा होतील. ते तिने वडिलांकडून घ्यायचे, हा घरातला हिशेब.

पण त्यासाठी वडिलांनी दुकानात यायलाच हवं असं नाही. काही मशीनवर रिफंडसाठी तेच कार्ड लागतं, तर काही ठिकाणी मूळ व्यवहाराच्या नोंदीवरून रिफंड करता येतो. म्हणून दुकानदाराला चार्ज स्लिप दाखवा आणि त्यावरचा आरआरएन, म्हणजे १२ अंकी व्यवहार क्रमांक, मशीनमध्ये शोधायला सांगा.

खरेदीच्याच दिवशी गेलात तर काम आणखी सोपं असतं. दिवसाचा हिशेब बंद होण्याआधी दुकानदार तो व्यवहारच रद्द करू शकतो. त्यानंतर मात्र रिफंड करावा लागतो आणि पैसे दिसायला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस जातात.

क्रेडिट कार्ड असेल तर?

बिल भरण्याच्या तारखेआधी रिफंड आला आणि बिल अजून भरलेलं नसेल, तर ती रक्कम लगेच थकबाकीतून वजा करावी, असं रिझर्व्ह बँकेचा निर्देश सांगतो. वस्तू ईएमआयवर घेतली असेल तर रिफंड आल्यावर ईएमआय बंद झाला का, हे कार्डधारकाने बँकेला वेगळं विचारावं.

खरी अडचण पिनची

दुकानात पिन कुणी दाबला हे सहसा कुणी बघत नाही. पण वाद बँकेपर्यंत गेला की तोच मुद्दा पुढे येतो.

बंगळुरूचं एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका महिलेने नवऱ्याला आपलं एटीएम कार्ड आणि पिन देऊन २५,००० रुपये काढायला पाठवलं. मशीनमधून पावती आली, पैसे आले नाहीत. स्टेट बँकेने पिन दुसऱ्याला सांगितल्याचं कारण देत दावा नाकारला. मे २०१८ मध्ये ग्राहक मंचानेही बँकेचीच बाजू मान्य केली. नवरा असला तरी कार्डाच्या नियमांत तो 'दुसरा माणूस'च ठरला.

म्हणून कार्ड वारंवार वापरायचं असेल, तर क्रेडिट कार्डावर घरच्यांसाठी अ‍ॅड-ऑन कार्ड घ्यावं. त्याच्या बिलाची जबाबदारी मात्र मूळ कार्डधारकाचीच असते. यूपीआय वापरत असाल तर 'यूपीआय सर्कल'मध्ये खातेदार घरातल्या व्यक्तीला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे भरण्याची परवानगी देऊ शकतो. दोन्हींत पिन सांगावा लागत नाही.

परत करायला जाताना काय न्यायचं?

• मूळ बिल आणि चार्ज स्लिप. स्लिपची शाई लवकर उडते, त्यामुळे त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.
• वस्तू, तिचा खोका आणि टॅग.
• कार्डाचे शेवटचे चार अंक आणि पैसे कापल्याचा मेसेज.
• कार्डधारक फोनवर उपलब्ध असावा.
• रिफंड झाल्यावर त्याची स्लिप मागून घ्या.

दुकानदार ऐकतच नसेल तर?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. तिथे तोडगा निघाला नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कोन रायगड जिल्ह्यात येतं आणि तिथला आयोग अलिबागला आहे. पण तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्याही दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही.

दुकानाने रिफंड केला, पण खात्यात पैसे आले नाहीत, तर तक्रार बँकेकडे करायची. ती मात्र कार्डधारकानेच करावी लागते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. म्हणजे दुकानातलं काम कोनच्या मुलीने केलं, तरी बँकेला लिहायचं ते रत्नागिरीच्या वडिलांनीच.