घड्याळाची गाडी आणि गिऱ्हाइकाची गाडी

श्रोतेहो, प्रवासाला निघालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न कोणता असतो? कुठे जायचे, हा नव्हे. ते घरूनच ठरलेले असते. कशाने जायचे, हा खरा प्रश्न. केजच्या फाट्यावर उभा असलेला शेतकरी अंबाजोगाईसाठी एसटीची वाट पाहावी की काळी-पिवळीत बसावे, याचा विचार करतो. तोच माणूस आजारी नातलगाला घेऊन मुंबईला दादर स्थानकाबाहेर उभा राहिला, की बेस्टची बस, मीटरची टॅक्सी आणि मोबाइलवर बोलावलेली ओला-उबरची मोटार, असे तीन मार्ग त्याच्यापुढे येतात. गाव लहान असो की शहर मोठे, निवड एकाच गोष्टीची आहे. आणि या निवडीला इतिहास आहे बरे का!

भाड्याच्या गाड्या मुळात दोन जातींच्या. एक घड्याळाची. ती ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने निघते. आत चाळीस माणसे असोत की चार. भाडे दर माणशी, टप्प्याप्रमाणे. दुसरी गिऱ्हाइकाची. ती बोलावणे आले की निघते, नाहीतर उभी राहते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानेही हाच भेद मानला आहे. टप्प्याटप्प्याला उतारू घेणारी गाडी वेगळी आणि अख्खी ठरवून न्यायची गाडी वेगळी. टॅक्सी आणि जीप या दुसऱ्या जातीच्या.

मुंबईत 9 मे 1874 रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. गाडीघोडा बाळगणे किंवा बग्गी भाड्याने करणे ज्याला परवडत नव्हते, त्याला ठरल्या भाड्यात बसायला जागा मिळाली, हे तिचे मोठेपण. 1907 मध्ये ट्राम विजेवर धावू लागली, 15 जुलै 1926 रोजी बस आली, आणि 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम धावली. ट्राम गेली, पण घड्याळाची गाडी राहिली. बसने तिची जागा घेतली.

आता आपल्या भागाकडे वळू. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1930 साली संस्थानने रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. खासगी मोटारींची स्पर्धा रेल्वेला जाणवू लागली होती. म्हणून 1932 साली रेल्वेच्याच हाताखाली सरकारी मोटारखाते निघाले. आरंभी गाड्या 27 आणि नोकर 166. हिंदुस्थानात सरकारने प्रवासी मोटारी स्वतः चालवण्याचा हा अगदी पहिल्यापैकी प्रयोग. तिकडे मुंबई राज्यात पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या वाटेवर धावली. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि 1961 साली मराठवाड्याची सरकारी मोटारसेवा महाराष्ट्राच्या एसटीत मिळाली.

परळी-घाटनांदुराकडचा कोपरा सोडला, तर आपल्या जिल्ह्याला पुढे कैक वर्षे रेल्वे नव्हती. आष्टीला गाडी 2022 साली आली, बीडला 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांना घड्याळाची गाडी म्हणजे एसटीच.

मग काळी-पिवळी कशी आली? एसटी जिथे पोचत नव्हती, किंवा दिवसातून एकदाच पोचत होती, तिथे जीप पोचली. हात केला की थांबते, वस्तीपर्यंत नेते, रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवते. हे तिचे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. कायद्याने तिला वाटेत उतारू भरायची मुभा नाही, तरीही लोक बसतात. कारण लोकांना गरज आहे.

पण दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर 2021 अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला. जिपा चालू होत्या, पण पासावर शाळेत जाणाऱ्या मुलीला जिपेत पास चालत नव्हता. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांना एसटी मोफत झाली आणि मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धे तिकीट झाले. या सवलती घड्याळाच्या गाडीतच मिळतात. ती गाडी बंद पडली की कागदावरची सवलत कागदावरच राहते.

शहरातल्या मोबाइलवरच्या मोटारीचेही असेच. ती दाराशी येते, भाडे आधी सांगते, हा गुण मोठा. पण पाऊस लागला, गर्दी वाढली, की तेच अंतर महाग होते. मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जाण्याची मुभा केंद्राच्या 2025 च्या नियमावलीत आहे. भाडे एसटीचेही वाढते. जानेवारी 2025 मध्ये ते 14.95 टक्क्यांनी वाढले. पण ती वाढ जाहीर झाली, आणि पावसात उभ्या असलेल्या माणसाला वेगळा दर लागला नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की अडीनडीला गिऱ्हाइकाची गाडी जरूर करा. सोबत आजारी माणूस असेल, ओझे असेल, रात्र असेल, तर टॅक्सीचे पैसे वाया गेले असे मानू नका. रोजच्या जाण्यायेण्याला मात्र घड्याळाची गाडी धरा. ती एका दिवसात बंद होत नाही. आज चार उतारू कमी, उद्या एक फेरी कमी, असे करत करत ती गावातून जाते; आणि मग पाच मिनिटे वाचवणाऱ्याचे फारसे बिघडत नाही, शाळेतल्या पोरीचे बिघडते.

शिक्षक बंधुभगिनींनी एक काम करावे. मुलांना महिनाभर फाट्यावरच्या फेऱ्यांची नोंद ठेवायला लावावी: गाडी कोणत्या वेळेची, आली किती वाजता, चढले किती. तो कागद ग्रामपंचायतीच्या ठरावाला जोडून आगार व्यवस्थापकांकडे द्यावा. नुसत्या तक्रारीपेक्षा अशी वही दाखवून फेरी मागणे केव्हाही चांगले.