आवाजावरून आजार ओळखता येतो का? अ‍ॅपचे दावे आणि विज्ञान काय सांगतं?

दहा सेकंद मोबाइलमध्ये बोला आणि मधुमेह आहे की नाही ते जाणून घ्या, अशा आशयाच्या पोस्ट आणि रील्स तुमच्याही पाहण्यात आल्या असतील. ऐकायला हे जादूसारखं वाटतं. पण त्यामागे खरोखरच एक संशोधन आहे आणि ते भारतातल्या लोकांच्या आवाजावर झालेलं आहे.

मग आता रक्त तपासायची गरज उरली नाही का? तर तसं अजिबात नाही. आवाज शरीराबद्दल बरंच काही सांगतो, हे खरं. पण आज त्याचा सगळ्यात मोठा फायदा अ‍ॅपमधून नाही, तर वेळेवर डॉक्टरकडे जाण्यातून होतो. तो कसा, ते समजून घेऊया.

आवाज तयार कसा होतो?

फुप्फुसातली हवा वर येते आणि गळ्यातल्या स्वरयंत्रातून जाते. तिथे दोन नाजूक स्वरतंतू असतात. ते एकमेकांवर आपटून थरथरतात. बोलताना प्रौढ पुरुषांमध्ये ही थरथर सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रियांमध्ये दोनशेच्या आसपास होते. मग घसा, जीभ, टाळू, ओठ आणि नाक त्या आवाजाला आकार देतात. या सगळ्याला हुकूम सोडतो मेंदू.

म्हणजे "जेवलास का?" एवढं विचारतानाही फुप्फुसं, स्नायू, नसा आणि मेंदू एकाच वेळी कामाला लागलेले असतात. यातलं काहीही बिघडलं, तर त्याची खूण आवाजात उमटू शकते.

ही कल्पना नवी नाही. आयुर्वेदातल्या अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा यांच्या जोडीला 'शब्द', म्हणजे रुग्णाचा आवाज तपासणं हाही एक भाग आहे. युरोपात १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायन शिक्षकाने छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याची माहिती मांडली गेली. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून करतात ती तपासणी त्याचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

कोणत्या आजारांमुळे आवाज बदलतो?

- स्वरतंतूंवरच्या गाठी: शिक्षक, फेरीवाले, गायक, कीर्तनकार अशा सतत मोठ्याने बोलणाऱ्या-गाणाऱ्या लोकांमध्ये हे जास्त दिसतं. या गाठी कर्करोगाच्या नसतात. आवाजाला विश्रांती आणि स्पीच थेरपीने बहुतेकदा फरक पडतो.
- स्वरयंत्राचा कर्करोग: सिगारेट, बिडी आणि दारू ही याची मोठी कारणं. स्वरतंतूवरची अगदी छोटी गाठही आवाज घोगरा करते. त्यामुळे हा कर्करोग लवकर चाहूल देतो आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते.
- थायरॉइड कमी असणं: आवाज जड, खरखरीत होऊ शकतो. सोबत थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं अशी लक्षणं असतात.
- पार्किन्सन्स: आवाज हळू आणि एकसुरी होतो. गंमत म्हणजे रुग्णाला स्वतःला तो नेहमीसारखाच वाटतो आणि घरचे म्हणतात, "जरा मोठ्याने बोला ना."
- पक्षाघात: बोलणं अचानक बोबडं होतं किंवा शब्द सुचत नाहीत.
- छातीतले आजार: डाव्या स्वरतंतूला चालवणारी नस थेट गळ्यात येत नाही. ती छातीत उतरते, महाधमनीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. त्यामुळे फुप्फुसातली गाठ किंवा फुगलेली महाधमनी या नसेवर दाबली, तर आवाज बसतो. हृदयाच्या झडपेच्या आजारात आवाज घोगरा होऊ शकतो, हे व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर या डॉक्टरने १८९७ मध्येच नोंदवलं होतं.

'वॉइस बायोमार्कर' म्हणजे काय?

कानाला न जाणवणारे बदल कॉम्प्युटरला मोजता येतात. स्वरतंतूंच्या वेगात किती बारीक चढउतार होतोय, आवाजाचा जोर किती हलतोय, शब्दांमध्ये किती वेळ थांबलं जातंय, हे सगळं आकड्यांत मांडता येतं. एखाद्या आजाराशी जुळणाऱ्या अशा खुणांना 'वॉइस बायोमार्कर' म्हणतात. आजारी आणि निरोगी लोकांचे हजारो आवाज ऐकवून एआयला हा फरक शिकवला जातो.

मधुमेहाचं संशोधन याच प्रकारचं. कॅनडाच्या क्लिक लॅब्सने २०२३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. भारतातल्या २६७ जणांनी दोन आठवडे मोबाइलवर ठरावीक वाक्य रेकॉर्ड केलं. महिलांमध्ये ८९ टक्के आणि पुरुषांमध्ये ८६ टक्के अचूकता मिळाली, असं संशोधकांनी म्हटलं. अमेरिकेत सरकारी आरोग्य संशोधन संस्था एनआयएचच्या पैशातून २०२२ पासून आवाजांचा मोठा संग्रह तयार केला जातोय. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने खोकल्याच्या आवाजावरून टीबीचा संशय ओळखणारं साधन बनवलं आहे. पण संशय आल्यावर पुढची तपासणी नेहमीच्याच पद्धतीने करावी लागते.

मग अडचण कुठे आहे?

ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई महापालिकेने गोरेगावच्या नेस्को कोविड केंद्रात सुमारे १,००० जणांच्या आवाजावरून कोरोना ओळखण्याचा प्रयोग जाहीर केला होता. नेहमीची आरटी-पीसीआर चाचणीही होईल, हेही तेव्हाच सांगितलं होतं. त्या काळात जगभरात असे प्रयोग सुरू होते आणि अचूकतेचे आकडे थक्क करणारे होते.

नंतर ब्रिटनमध्ये ६७ हजारांहून जास्त लोकांचे आवाज आणि खोकले त्यांच्या चाचणीच्या निकालांसोबत तपासले गेले. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी एआयची कामगिरी चांगली दिसली. पण वय, लिंग आणि लक्षणं सारखी असलेले लोक समोरासमोर ठेवले, तेव्हा ती घसरली. 'ताप आहे का, वास येतो का' असे साधे प्रश्न विचारण्यापेक्षा एआय सरस ठरलं नाही. म्हणजे ते कोरोना ओळखत नव्हतं, बऱ्याच अंशी आजारी माणसाची लक्षणं ओळखत होतं.

पार्किन्सन्समध्येही तेच दिसलं. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ रेकॉर्डिंगवर अचूकता ९९ टक्क्यांच्या जवळ गेली होती. साध्या फोन कॉलवरून आलेल्या आवाजांवर ती जेमतेम ६६ टक्क्यांच्या आसपास राहिली. घरातला पंखा, स्वस्त माइक, सर्दी, वय, भाषा या सगळ्याचा परिणाम होतो. मराठी आणि इंग्रजी बोलण्याची लय एकसारखी नसते. म्हणून एका भाषेवर शिकलेलं एआय दुसऱ्या भाषेत चुकू शकतं.

'९० टक्के अचूक' म्हणजे नेमकं काय?

समजा, एक आजार १,००० पैकी १० लोकांना आहे. अ‍ॅप आजारी आणि निरोगी, दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखतं. मग १० पैकी ९ रुग्ण सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही ते 'आजारी' ठरवेल. म्हणजे अ‍ॅपने घाबरवलेल्या १०८ जणांपैकी खरे रुग्ण फक्त ९. आणि ज्या एका रुग्णाला 'सगळं ठीक' असं सांगितलं, तो कदाचित डॉक्टरकडे जाणारच नाही. मोठा धोका तिथे आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं?

सर्दी-खोकल्याने किंवा ओरडल्याने बसलेला आवाज साधारण दोन आठवड्यांत सुटतो. पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा:

- आवाज तीन-चार आठवड्यांनंतरही घोगरा असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि स्वरयंत्राची तपासणी करून घ्या. खडीसाखर, ज्येष्ठमध चघळत महिने घालवू नका.
- सोबत गिळायला त्रास, थुंकीतून रक्त, मानेत गाठ किंवा वजन घटणं असेल, किंवा तुम्ही सिगारेट-बिडी ओढत असाल, तर तीन आठवडेही थांबू नका.
- मानेच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर आवाज बदलला, तर लगेच सांगा.
- श्वास घेताना घरघर आवाज येत असेल आणि दम लागत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.
- बोलणं अचानक बोबडं झालं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर १०८ ला फोन करा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

अ‍ॅप वापरायचं असेल तर?

अ‍ॅपच्या निकालावरून गोळ्या सुरू करू नका आणि बंदही करू नका. मधुमेहासाठी रक्ताची, टीबीसाठी थुंकीची तपासणी हाच आजही आधार आहे. दुसरं म्हणजे, आवाज ही तुमची ओळख आहे. अनोळखी अ‍ॅपला दिलेलं रेकॉर्डिंग कुठे जातं, किती काळ राहतं, हे आधी वाचा. आवाजाची नक्कल करून पैसे उकळणारे कमी नाहीत.

पुढच्या काही वर्षांत ही साधनं सुधारतील आणि दवाखान्यापासून लांब राहणाऱ्यांना त्यांचा उपयोगही होऊ शकेल. तोवर घरच्यांचे कान कामाला येतात. रोज बिडी ओढणाऱ्या काकांचा आवाज महिनाभर बसलेला असेल, तर हा लेख नुसता फॉरवर्ड करू नका. त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जा.