कुत्रीच्या माजाची तारीख



पोळा सरला, तान्हा पोळाही झाला, म्हणजे भादवा लागला. धान गर्भावर येतं, रानडुकरं बांधीत उतरायला लागतात आणि नेमकी त्याच वेळी जागलीवरची कुत्री माजावर येते. हा मेळ जुनाच आहे. ‘भादव्यातलं कुत्रं’ हे आपल्या बोलण्यात उगाच आलेलं नाही. विलायती जातीच्या बहुतेक कुत्र्या वर्षातून साधारण दोनदा, कोणत्याही महिन्यात माजावर येतात. आपल्या गावठी कुत्र्यांचा मोठा हंगाम मात्र पावसाळा सरतानाचा, आणि पिल्लं थंडीत. ताडोब्यातल्या रानकुत्र्यांची पिल्लंही थंडीतच होतात.

मागच्या वर्षी माझी लाली गेली. चार वर्षं ती माझ्यासोबत जागलीला होती. माजावर आली तेव्हा काही दिवस बांधून ठेवली. रक्त पातळ झालं, तसं वाटलं आटोपलं, आणि त्याच रात्री तिला मचाणीवर नेली. दसऱ्यानंतर ती पाणी फार प्यायला लागली. मला वाटलं, उकाडा आहे. मग खाणं सोडलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “माजावर कधी आली होती?” मी म्हटलं, “पोळ्याच्या आसपास असेल.” गाईची रेतनाची तारीख माझ्या भिंतीवर लिहिलेली असते. लालीची कुठंच नव्हती. गर्भाशयात पू झाला होता. वाचली नाही.

डॉक्टर म्हणाले, धावल्यानं हा रोग होत नाही. पण तारीख ठाऊक असती, तर पाणी वाढलं त्याच दिवशी तुम्ही आला असता. तेव्हापासून मी ही जुनी माहिती शोधत बसलो.

आपल्या वाङ्मयातलं कामाचं पहिलं नामवंत कुत्रं मादीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १०८व्या सूक्तात इंद्राची सरमा पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढत रसा नदी ओलांडून जाते. कुत्र्याला संस्कृतात ‘सारमेय’ म्हणतात, ते तिच्याच नावावरून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गायरानांची देखरेख करणारा अधिकारी आहे. तिथं शिकारी आणि कुत्री पाळणारे यांनी रानात फिरावं, चोर किंवा शत्रू दिसला की शंख-नगाऱ्यानं खबर द्यावी, असं सांगितलंय. म्हणजे रानाची राखण कुत्र्यासोबत करायची, ही आपली दोन हजार वर्षांची रीत.

दूर इंग्लंडात १९३१ साली अंध माणसांसाठी तयार झालेली पहिली चार कुत्री होती जूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा. चारही माद्या. आणि आपण काय करतो? पिल्लांतून नर उचलतो, माद्या उकिरड्यावर सोडतो. कारण एकच, माजाची कटकट.

त्या कटकटीचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला तो १९०० साली. वॉल्टर हीप नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं जनावरांच्या माजाच्या अवस्थांना नावं दिली. गाय दर २१ दिवसांनी उलटते, तसं कुत्रीचं नाही. तिचं रक्त साधारण नऊ दिवस जातं. मग ते पातळ, फिकट होतं आणि त्यानंतरचे आठ-नऊ दिवस ती नराला उभी राहते. म्हणजे मी ‘आटोपलं’ म्हणून लालीला सोडली, तोच खरा लागण्याचा काळ होता.

पुढे १९३४ साली प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वेगळं काढता आलं आणि कुत्रीचं कोडं उलगडत गेलं. कुत्री लागो वा न लागो, माजानंतर साधारण दोन महिने हे संप्रेरक तिच्या अंगात वाढलेलंच राहतं. शरीराला वाटतं, पिल्लं आहेत. म्हणून न लागलेल्या कुत्रीचीही सड सुजतात, दूध येतं, चिंध्या गोळा करून ती घर करते. आणि याच काळात, बहुतेक चार ते आठ आठवड्यांत, गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो.

गंमत म्हणजे हे शर्यतवाल्यांनी नियमात बसवलं. इंग्लंडात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर २४ जुलै १९२६ ला यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड धावले आणि तिथं हा धंदा सुरू झाला. तिथल्या नियमानं माजावर आलेली कुत्री दहा आठवडे शर्यतीत उतरत नाही. शर्यतीच्या पत्रकावर तिच्या माजाची तारीख छापतात. पैसे लावणारा ती तारीख बघून पैसे लावतो. आपण तिच्या भरवशावर अख्खं धान सोडतो, आणि तारीख बघत नाही.

तारखेचा आणखी एक उपयोग. कुत्र्यांत लैंगिक संबंधातून पसरणारी गाठ असते. फुलकोबीसारखी, रक्त गळणारी. १८७६ साली रशियात नोविन्स्की यांनी ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली. गावात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत ती आजही दिसते. माज नसताना रक्त दिसलं, तर ‘पुन्हा भादवा आला’ म्हणू नका, दाखवा. व्हिनक्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री बऱ्या होतात.

आता मी काय करतो ते सांगतो. रक्त दिसलं तो पहिला दिवस, म्हणून लिहून ठेवतो. तिथून तीन आठवडे जागल बंद, शेळ्यांमागं जाणं बंद. पण खुंट्याला जखडून ठेवत नाही, नाहीतर ती दोर चावते, रडते. उजाडल्यावर गळ्यात दोर घालून बांधाबांधानं अर्धा तास फिरवतो. जंगलाच्या कडेला आणि अंधारात नाही. तिच्या मुताच्या वासावर पाच गावांची कुत्री येतात, भांडतात, आणि त्या गोंधळावर बिबट येतो. बिबटाला कुत्रं म्हणजे सोपं खाणं.

तीन आठवड्यांनंतर काम हळूहळू वाढवतो, एकदम रात्रभराची जागल नाही. दूध आलं तर पिळत नाही, पिळलं की आणखी येतं. दहा आठवडे पाण्याच्या भांड्यावर नजर ठेवतो. पाणी वाढलं, खाणं घटलं, घाण स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना. कधी कधी स्राव दिसतच नाही, तो प्रकार जास्त वाईट. पिल्लं नको असतील तर माजानंतर साधारण तीन महिन्यांनी नसबंदी करून घ्यावी. गर्भाशय काढलं की हा पू होण्याचा धोका जवळजवळ संपतो, आणि भादव्यात जागलही थांबत नाही.

लालीच्या जागी यंदा तिचीच लेक आहे. परवा सकाळी तिच्या मागं रक्त दिसलं. भिंतीवर गाईच्या तारखेखाली तिची तारीख लिहिली.