जोड-उमेदवारीची कुळकथा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपल्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी कोणाला घेतो, याकडे सारा देश डोळे लावून बसतो, आणि 2008 साली जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचे नाव जाहीर केले तेव्हा जो विस्मय, जो हर्ष आणि जो संताप एकाच दिवशी उसळला, तो पाहून आपल्याकडील पुष्कळांना वाटले की असा प्रसंग आपल्या लोकशाहीच्या वाट्याला कधी आलाच नाही. ही समजूत खरी नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत जोडीने उभे राहण्याची एक रीत कायद्यानेच सिद्ध झालेली होती. एका मतदारसंघातून दोन प्रतिनिधी, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव जागेवर, आणि प्रत्येक मतदाराच्या हाती दोन मते. पक्षाने कोणाच्या शेजारी कोणाला उभे केले, यावर त्या काळी गावोगावच्या पारांवर आणि कचेऱ्यांच्या ओसरीत जी खलबते झाली, त्यांचा विसर पडावा इतका काही तो काळ दूरचा नाही.

या रीतीचे कूळ शोधू गेल्यास आपण 1932 सालच्या येरवड्यापाशी पोहोचतो. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जो जातीय निवाडा दिला, त्यात अस्पृश्य समाजाला प्रांतिक विधिमंडळांत 71 जागा, स्वतंत्र मतदारसंघ, आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात आणखी एक मत, अशी तजवीज होती. या दुसऱ्या मताकडे इतिहासलेखकांचे लक्ष कमी गेले आहे, परंतु माझ्या मते या साऱ्या कथेची नाळ तेथेच आहे. कारण ज्याला स्वतःचा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मिळाला आहे, त्यालाच सवर्ण उमेदवाराच्या निवडणुकीतही मत मिळाले, म्हणजे त्या उमेदवाराला अस्पृश्यांच्या वस्तीत पाऊल ठेवणे भाग पडणार होते. या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात आरंभलेल्या प्राणांतिक उपोषणाच्या काळात 24 सप्टेंबर रोजी जो पुणे करार झाला, त्याने जागा 71 वरून 148 वर गेल्या, मध्य प्रांताच्या वाट्याला त्यांतल्या 20 आल्या, आणि मतदारसंघ संयुक्त झाले. पण ते दुसरे मत गेले. डॉ. आंबेडकरांनी पुढे आपल्या ग्रंथात त्या दुसऱ्या मताला अमोल अधिकार म्हटले आहे, आणि जागांच्या वाढीव संख्येने त्याची भरपाई होत नाही, हे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम राहिले.

करारावर सह्या पुण्यास झाल्या, पण त्याच्या नैतिक बाजूची परीक्षा व्हावयाची होती ती वर्ध्यास. येथील जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जुलै 1928 मध्येच अस्पृश्यांना खुले केले होते; 1933 च्या सप्टेंबरात गांधीजी वर्ध्यास येऊन राहिले, आणि 7 नोव्हेंबर रोजी येथूनच त्यांची हरिजन यात्रा निघाली, जी नऊ महिने आणि सुमारे साडेबारा हजार मैल चालली. करार झाला म्हणजे संयुक्त मतदारसंघातील सवर्ण मतदाराचे मन बदलेल असे नव्हे, हे त्या यात्रेने मान्यच केले होते, असे मला वाटते. 1936 च्या मे महिन्याच्या आरंभी डॉ. आंबेडकर शेगावास येऊन गांधीजींना भेटले; ते शेगाव म्हणजे आजचे सेवाग्राम. मने जुळली नाहीत.

सोबती निवडण्याच्या प्रश्नावरून वर्धा एकदा साऱ्या देशाच्या चर्चेत आले, ते 1938 च्या जुलैमध्ये. मध्य प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, डॉ. ना. भा. खरे यांनी सहकाऱ्यांशी बिनसल्यावर राजीनामा देऊन लगोलग नवे मंत्रिमंडळ बनवले, आणि त्यात रामेश्वर अग्निभोज या अस्पृश्य समाजातील आमदारास मंत्री म्हणून घेतले. वर्ध्यास भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने खरे यांना पायउतार केले. काँग्रेसचे म्हणणे असे की हा निव्वळ शिस्तभंगाचा मामला होता. खरे यांचे म्हणणे असे की अग्निभोजांची निवड वरिष्ठांना रुचली नाही. उभय पक्षांची कैफियत वाचल्यावर शिस्तभंग झाला होता हे मला नाकारता येत नाही. परंतु एका अस्पृश्य मंत्र्याच्या नेमणुकीने एवढे वादळ उठावे, आणि त्याचे खरे कारण काय याबद्दल पुढे वर्षानुवर्षे शंका राहावी, यातच संयुक्त राजकारणातील सोबत्याचे स्थान किती नाजूक होते हे दिसून येते.

राज्यघटना अमलात आल्यावर राखीव जागा कायम राहिल्या, आणि त्यांची व्यवस्था लावण्यासाठी दुहेरी मतदारसंघ आले. 1951-52 च्या निवडणुकीत लोकसभेच्या 489 जागांसाठी 401 मतदारसंघ होते, त्यांतील 86 द्विसदस्य आणि एक त्रिसदस्य. वर्धा हा एकेरी मतदारसंघ होता आणि तेथून वर्ध्याच्याच वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अगरवाल निवडून गेले, म्हणून वर्धेकरांना या रीतीचा अनुभव शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागला. रीत अशी होती: मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसे, प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली निराळी पेटी असे, आणि मतदाराने आपल्या दोन मतपत्रिका दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकावयाच्या. एकाच पेटीत दोन्ही टाकल्या तर एक धरली जाई आणि दुसरी बाद होई. निकाल लावताना आधी राखीव जागा भरावयाची, अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते त्याला. आणि मग उरलेल्या सर्व उमेदवारांत, जात न पाहता, ज्याला सर्वाधिक मते त्याला दुसरी जागा. वरकरणी निरुपद्रवी दिसणाऱ्या या नियमांत दोन चोरवाटा होत्या, आणि त्या दोन्ही पुढे वापरात आल्या.

पहिली चोरवाट म्हणजे मत कुजवणे. आपल्या माणसाला एक मत द्यावयाचे आणि दुसरे मुद्दाम वाया घालवावयाचे, म्हणजे ते आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याच्या कामी येत नाही. 1952 च्या जानेवारीत उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात डॉ. आंबेडकर राखीव जागेसाठी आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी जोडीने उभे होते. दोघेही पडले. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे 14 हजार मतांनी निवडून आले, आणि सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या. मते कुजवण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, असा आरोप करून आंबेडकर आणि मेहता यांनी संयुक्त अर्ज दाखल केला. त्यातून निष्पन्न काही झाले नाही.

यानंतर जे घडले ते या कुळकथेतील सर्वांत विलक्षण प्रकरण आहे. वर्ध्याप्रमाणेच तेव्हाच्या मध्य प्रदेशात असलेल्या भंडारा जिल्ह्याचा मतदारसंघ दुहेरी होता. तेथून 1952 साली निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे एका विडी कारखानदार पेढीचे भागीदार होते, आणि त्या पेढीचा सैनिकांच्या उपाहारगृहांना विड्या पुरवण्याचा करार सरकारशी झालेला होता. शिवाय गंगाराम ठवरे नावाच्या उमेदवाराचा राखीव जागेसाठीचा अर्ज, तो महानुभाव पंथाचा म्हणून महार राहिला नाही, अशा सबबीवर फेटाळला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1954 मध्ये दोन्ही मुद्द्यांवर निर्णय दिला: सरकारी करारामुळे जसानी अपात्र, आणि महानुभाव झाल्याने ठवरे यांची जात सुटली नाही. सबंध निवडणूक रद्द झाली. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस नागपूरचेच होते, आणि चक्रधरस्वामींच्या या पंथाचा आणि विदर्भातील महार समाजाचा संबंध त्यांना ग्रंथांतून शिकावा लागला नसावा.

पोटनिवडणुकीत पुन्हा तीच जोडी: आंबेडकर आणि अशोक मेहता. मुंबईच्या कामगार चळवळीत वाढलेला, भावनगरचा हा समाजवादी पुढारी, धानाच्या आणि विडीच्या मुलखात, ज्याची भाषाही त्याची मायबोली नव्हती, तेथे आंबेडकरांच्या शेजारी का, असे आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या कार्यकर्त्यांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. मुंबईचा घाव ताजा होता. फेडरेशनच्या मतदारांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे ते कोणा प्रतिस्पर्ध्याला मिळणार नाही, अशी मसलत आंबेडकरांपुढे मांडली गेली. हिशेबाच्या दृष्टीने ती बिनचूक होती. त्यांनी ती साफ नाकारली: आपण घटना घडवली, मत वाया घालवा असे आपण सांगणार नाही; दुसरे मत अशोक मेहतांनाच गेले पाहिजे. बावीस वर्षांपूर्वी गेलेल्या ज्या दुसऱ्या मतासाठी त्यांनी हळहळ व्यक्त केली होती, ते मत आता निराळ्या रूपाने त्यांच्या लोकांच्या हाती आले होते, आणि ते कुजवून त्यांना स्वतःला लोकसभेत जाण्याची संधी साधता आली असती. त्यांनी ते आपल्या सोबत्याला दिले.

मेहता निवडून आले. आंबेडकर राखीव जागेवरील प्रतिस्पर्धी भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले. फेडरेशनच्या मतदारांनी शब्द पाळला. मेहतांच्या सवर्ण मतदारांपैकी पुष्कळांनी आपले दुसरे मत आंबेडकरांना दिले नाही, असाच या दोन निकालांचा अर्थ मी लावतो. बोरकर फार काळ जगले नाहीत. 1955 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी अनसूयाबाई निवडून आल्या. मेहता 1957 मध्ये बिहारातील मुझफ्फरपूरहून लोकसभेत गेले. आंबेडकर राज्यसभेत होते, पण लोकसभेत कधीच गेले नाहीत, आणि 1956 च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. भंडाऱ्याच्या मतदारांनी दाखवलेली ही निष्ठा आणि तिच्या मोबदल्यात मिळालेला पराभव, यांविषयी लिहिताना आजही मन कासावीस होते.

ही रीत रद्द झाली ती मात्र या अन्यायामुळे नव्हे. 1957 साली आंध्रातील पार्वतीपुरम या दुहेरी मतदारसंघात दुसरी चोरवाट उघडली. राखीव जागा आदिवासी उमेदवाराकडे गेली, आणि उरलेल्यांत सर्वाधिक मते दिप्पल सूरी दोरा या दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला मिळाल्यामुळे सर्वसाधारण जागाही त्यांच्याकडे गेली. पडले ते माजी केंद्रीय कामगारमंत्री, आणि पुढे राष्ट्रपती झालेले, व्ही. व्ही. गिरी. गिरींनी न्यायालयात दाद मागितली. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोरा यांच्याच बाजूने निकाल दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, संसदेने दुहेरी मतदारसंघ रद्द करण्याचा कायदा केला. दुहेरी मतदारसंघ विस्ताराने फार मोठे आणि खर्चाचे होते, हे कारण पुढे केले गेले आणि ते खोटे नव्हते. तथापि एका आदिवासी उमेदवाराने सर्वसाधारण जागा उघडपणे, नियमाने जिंकली, तेव्हाच नियम बदलण्याची निकड भासली, या कालक्रमाकडे दुर्लक्ष करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

1961 नंतर राखीव मतदारसंघ एकेरी झाले. तेथे साऱ्यांनी मते द्यावयाची, पण उभे राहावयाचे अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या उमेदवारांनीच; आणि सर्वसाधारण मतदारसंघात कोणा पक्षाला दलित सोबत्याला शेजारी घेऊन एकाच व्यासपीठावरून मते मागण्याचे कारण उरले नाही. जोडीचा हा व्यवहार जिवंत राहिला तो ग्रामपंचायती, नगरपरिषदा अशा स्थानिक संस्थांच्या प्रभागांत, जेथे वर्धा जिल्ह्यातील सेलू, देवळी, आर्वी, हिंगणघाट या तालुक्यांतील मतदाराच्या हाती आजही प्रभागातील जागांइतकी मते असतात. परंतु तेथे प्रत्येक जागेला अ, ब, क अशी निराळी नावे देऊन त्यांची मोजणीही निराळी केली जाते, आणि एका जागेचे मत दुसऱ्या जागेच्या निकालात कधी मिसळत नाही.