बंदा सिंग बहादूर

* बंदा सिंग बहादूर (१६७०–१७१६): मूळचा जम्मू भागातील राजौरीचा. वैराग्य घेऊन माधोदास या नावाने तो नांदेडला गोदाकाठी मठ करून राहिला होता. १७०८ मध्ये तिथेच गुरू गोविंदसिंगांशी त्याची भेट झाली आणि तो खालसा पंथात आला. गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना ठार करवणारा सरहिंदचा फौजदार वजीरखान मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत बंदाच्या फौजेकडून मारला गेला. पाठोपाठ सरहिंदही पडले.

ही टीप ज्या मजकुरावर आहे, त्याच्या मूळ लेखकाने बंदाला केवळ ‘सूड घेणारा’ म्हटले आहे. हे अपुरे आहे, आणि अन्यायाचेही. लोहगड ही राजधानी करून त्याने जी नाणी पाडली, त्यांवर स्वतःचे नाव न घालता गुरूंची नावे घातली. जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या हाती दिल्या. शेतकरी आणि हलक्या मानल्या गेलेल्या जातींतील माणसे त्याच्यामागे का गेली, याचे उत्तर इथे आहे. सुडाच्या भावनेत ते पुरते सापडत नाही.

गुरदास नंगल येथे सुमारे आठ महिने वेढा सोसून, अन्न संपल्यावर, डिसेंबर १७१५ मध्ये तो पकडला गेला. दिल्लीत त्याच्या शेकडो साथीदारांची रोज तुकडीतुकडीने कत्तल झाली. त्या वेळी मुघल बादशहा फर्रुखसियरच्या दरबारी आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलांनी, जीव वाचवण्यासाठी एकानेही धर्म सोडला नाही, असे पत्रात नोंदवले आहे. खुद्द बंदाला जून १७१६ मध्ये हालहाल करून मारण्यात आले. — संपादक